अध्यक्षाचा न्यायदंड

सभागृहांत गोंधळ माजला म्हणजे अध्यक्षाला दंड उगारावा लागतो. परंतु तो दंड न्यायाचा कीं बहुमताचा, हें प्रसंगींच कळतें. ब्रिटिश कॉमन्स सभेंत १८८२ सालीं असा एक प्रसंग घडला.

त्या वर्षीं मे महिन्यांत डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्यें आयर्लंडच्या मुख्य सचिवाचा खून झाला, आणि ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळानें आयर्लंडसाठीं कडक गुन्हे-प्रतिबंधक विधेयक आणलें. पार्नेलचे अनुयायी तें पदोपदीं अडवूं लागले. ३० जूनची बैठक रात्रभर चालली. १ जुलै उजाडल्यावर समितीचे अध्यक्ष लायन प्लेफेअर यांनीं अडवणुकीच्या आरोपावरून १६ आयरिश सभासदांचीं नांवें एकदम पुकारलीं, व बहुमतानें ते निलंबित झाले. त्यांपैकीं कांहीं जण रात्रीं सभागृहांत नव्हतेच, अशी तक्रार लगेच उठली.

प्लेफेअर यांच्या सचोटीविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. दोष होता तो रीतीचा. अपराध व्यक्तीचा असतो, पक्षाचा नव्हे. अध्यक्ष बांकांकडे पाहून नांवें घेऊं लागला, कीं शिस्त हें बहुमताचें हत्यार बनतें, आणि अल्पसंख्य पक्षाचा त्या आसनावरील विश्वास उडतो.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत सभेनें नियम केला: एका वेळीं एकाच सभासदाचें नांव घ्यावें, अनेकांचें घ्यावयाचें, तर त्यांनीं एकत्र हजर राहून मिळून अध्यक्षाचा अधिकार झुगारलेला असावा. प्लेफेअर यांनीं १८८३ सालीं तें पद सोडलें.

हजर नसलेल्याला शिक्षा नको, एवढी साधी गोष्टही नियमांत लिहावी लागली! शिक्षा भोगणाऱ्यालाही ती न्याय्य वाटावी, हीच अध्यक्षाच्या निःपक्षपाताची खरी कसोटी होय.