नाटक बसविणारा माणूस

वाचकहो, वेड पांघरून पेडगावला जाणे हा वाक्प्रचार आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? पेडगावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. एक श्रीगोंदे तालुक्यात भीमेच्या काठी, आणि एक आपल्या परभणी तालुक्यात. वाक्प्रचारातले पेडगाव कोणते, हा वाद आज आपल्याला नको. वेड पांघरायचे म्हणजे सोंग घ्यायचे, एवढे घेतले म्हणजे पुरे. सोंग घेणे ही नाटकाची पहिली पायरी होय. पण एकट्याने घेतलेले सोंग म्हणजे नाटक नव्हे. दहा जणांनी मिळून सोंग घ्यायचे आणि ते समोर बसलेल्या दोनशे माणसांना खरे वाटायचे, तर कोणीतरी एकाने ते बसवावे लागते. त्या बसविणाऱ्या माणसाला आपण आज दिग्दर्शक म्हणतो. हा माणूस आला कोठून, तो काम कसे करतो, पोट कसे भरतो, आणि पेडगावसारख्या गावातल्या मुलाला किंवा मुलीला तो होता येईल काय, याचा आपण थोडा विचार करू.

दिग्दर्शक हा शब्द नवा असला तरी काम जुने आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हा खेळ केला. त्या खेळात सूत्रधार पदे म्हणे आणि त्या अनुरोधाने पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी करीत. पदे भाव्यांची, पात्रांना शिकवणे भाव्यांचे, सगळ्या खेळाची मांडणी भाव्यांची. म्हणजे दिग्दर्शक होता. त्याला वेगळे नाव मात्र नव्हते. पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. पात्रे स्वतः गाऊ लागली, भाषणे लिहिलेली आली. लिहिलेले भाषण आले की ते कसे म्हणायचे हा प्रश्न आला, आणि तो प्रश्न सोडवण्यासाठी तालीम मास्तर आला.

तालीम मास्तरांत मोठे नाव गोविंद बल्लाळ देवल यांचे. मौज अशी की देवल हे बेळगावच्या शाळेत अण्णासाहेब किर्लोस्करांचे विद्यार्थी. म्हणजे मराठी रंगभूमीवरची ही गुरुशिष्यांची जोडी शाळेच्या वर्गात जमली! शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण देवलांना ‘शारदा’ नाटकाचे लेखक म्हणून ओळखतो. पण नटाला वाक्य समजावून देणे, कोठे थांबायचे, कोणाकडे पाहायचे, शब्द मोठ्याने म्हणायचा की मनातल्या मनात दाबायचा, हे शिकवणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम होते. ‘झुंजारराव’मधले गणपतराव जोशी आणि पुढच्या पिढीतले बालगंधर्व यांना देवल मास्तरांची तालीम लाभली. प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या त्या नटांना. मास्तर विंगेत उभे!

त्याच काळात युरोपातही हा माणूस पुढे येत होता. जर्मनीतल्या माइनिंगेन नावाच्या लहानशा संस्थानाच्या अधिपतीने १८७४ साली आपली नाटक मंडळी बर्लिनला नेली. गर्दीच्या प्रसंगातल्या शेवटच्या माणसालाही त्या मंडळीत नेमके काम दिलेले असे. १८९८ साली मॉस्कोत स्तानिस्लावस्की यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने नवे नाट्यगृह सुरू केले आणि नटाच्या तालमीचे शास्त्र उभे केले. तिकडेही एक लहान संस्थान, इकडेही सांगलीचे लहान संस्थान! मोठ्या राजधानीतच मोठी कला उपजते असे नाही, एवढे यावरून दिसते.

आपल्याकडे पुढचा टप्पा १९३३ सालचा. ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने त्या वर्षी मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक केले. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. रंगवलेल्या पडद्यांच्या जागी खऱ्या घरासारखे नेपथ्य आले. आता नुसते भाषण शिकवून भागणार नव्हते. खुर्ची कोठे, दार कोठे, दिवा कधी मंद करायचा, गाणे कोठे थांबवायचे, हे सगळे एकाच डोक्यातून यायला हवे होते. तालीम मास्तराचा दिग्दर्शक झाला तो असा, गरजेतून. १९५९ साली दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय निघाले आणि हे काम शिकता येते, शिकवता येते, हे सरकारदरबारीही मान्य झाले. १९६० साली विजया मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ‘रंगायन’ सुरू केली. नाटक बसविण्याच्या जागी एक बाई उभी राहिली, आणि तिच्या तालमीतून नटांची आणि दिग्दर्शकांची एक पिढी तयार झाली.

येथपर्यंत वाचून आपण म्हणाल, “हे सगळं पुण्यामुंबईचं झालं. आमच्याकडं ना नाट्यगृह, ना पडदा, ना दिवे. आमचा दिग्दर्शक करणार काय?”

तर ऐका. दादरला छबिलदास नावाची एक शाळा आहे. १९७४ पासून ‘आविष्कार’ या संस्थेने त्या शाळेच्या सभागृहात नाटके करायला सुरुवात केली. ते काही बांधीव नाट्यगृह नव्हते. शाळेचे सभागृह होते. मुले घरी गेली की तेथे नाटक उभे राही. पुढे कित्येक वर्षे मराठीतली नव्या विचारांची नाटके तेथे झाली, आणि त्या चळवळीला शाळेचेच नाव पडले. शाळेचे सभागृह पेडगावपासून दूर नाही, गुरुजी. फार तर सभागृह नसेल, ओटा असेल.

दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आले. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. या नाटकात एक माणसांची भिंत आहे. ओळीने उभी राहिलेली, गाणारी, नाचणारी माणसे. तीच पाठ फिरवतात तेव्हा भिंत होतात, बाजूला सरतात तेव्हा दार होतात, तीच पुण्याचे ब्राह्मण होतात आणि तीच जमाव होतात. लाकूड नाही, कापड नाही. माणसे हेच नेपथ्य! या नाटकावर मोठा वाद झाला. संस्थेने प्रयोग थांबवले, तेव्हा तरुण मंडळींनी १९७३ साली ‘थिएटर अकॅडमी’ ही नवी संस्था काढून नाटक पुन्हा उभे केले, आणि पुढे ते युरोपातही गेले. माणसांची भिंत करायला पैसे लागत नाहीत. वेळ लागतो, दम लागतो, आणि सगळ्यांनी एका तालात पाऊल टाकावे लागते. भजनी मंडळात आपण हे लहानपणापासून पाहतो.

आता मराठवाड्याकडे वळू. आपल्याकडे हा माणूस उशिरा का दिसू लागला? कारण सरळ आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. शाळेत उर्दूला मान, मराठी मागल्या बाकावर. सभासमारंभांवर निर्बंध. पुण्यामुंबईकडे नाटक मंडळ्या गावोगाव फिरत होत्या त्या काळात आपल्याकडे नाटक जगले ते वेगळ्या वेषात. पैठणच्या एकनाथांची भारुडे, रात्र जागवणारा गोंधळ, देवळापुढची सोंगे. सूत्रधार नव्हता असे नाही. तो टाळ घेऊन उभा होता. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. तेथे १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा सुरू झालेली होती. त्या स्पर्धेमुळे जिल्ह्याजिल्ह्यातल्या हौशी मंडळींना दरसालचे एक निमित्त मिळाले. १९७०च्या दशकात औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचे शिक्षण सुरू झाले. औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर.

आणि मग माणसे दिसू लागली. बीड जिल्ह्यातल्या दरडवाडीचे वामन केंद्रे भारुडाच्या परंपरेत वाढले, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले, जोगतिणींच्या जीवनावरचे ‘झुलवा’ १९८७ साली त्यांनी बसवले, आणि २०१३ साली त्याच विद्यालयाचे संचालक झाले. औरंगाबादच्या ‘जिगीषा’ संस्थेतून चंद्रकांत कुलकर्णी पुढे आले. १९९४ साली त्यांनी महेश एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तिन्ही नाटके सलग उभी केली. एका खेड्यातल्या वाड्याची पडझड प्रेक्षकांनी तासन् तास बसून पाहिली.

आपल्या शेजारचे उदाहरण तर अगदी जवळचे. जालना जिल्ह्यातले जांब समर्थ हे रामदासस्वामींचे जन्मगाव. तेथले राजकुमार तांगडे हे शेतकरी नाटककार. त्यांच्या एका नाटकाचे नाव ‘आकडा’. विजेच्या तारेवर टाकायचा आकडा! हा शब्द शहरातल्या माणसाला समजावून सांगावा लागतो, आपल्याला नाही. २०१२ साली आलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटकही त्यांनीच लिहिले. त्याची कल्पना शाहीर संभाजी भगत यांची आणि दिग्दर्शन नंदू माधव यांचे. त्यात काम करणारी बरीचशी मुले जालना जिल्ह्यातल्या खेड्यांतली, शेतात राबणारी. त्यांची बोली पुसून काढण्याऐवजी तीच नाटकाची ताकद ठरवली गेली. “काय करायलास?” हे वाक्य जसे घरी म्हणतात तसे रंगमंचावर आले आणि मुंबईच्या प्रेक्षकांनी ते उचलून धरले.

या सगळ्यांतून दिग्दर्शकाच्या कामाची एक रीत दिसते. हाताशी जे आहे त्याची तो आधी मोजदाद करतो. माणसे किती, जागा कोणती, बोली कोणती, गाणारा कोण, उजेड किती. आणि मग त्याच वस्तूंतून नाटकाचे रूप शोधतो. जे नाही त्यासाठी रडत बसणारा माणूस दिग्दर्शक होत नाही.

पण हे बोलणे सोपे आहे. खरा प्रश्न पोटाचा आहे. डॉ. पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला त्यांचा दवाखाना. तांगड्यांची शेती. हौशी रंगभूमीवर नाटक बसविणारी बहुतेक माणसे दिवसा दुसरे काहीतरी करतात: शाळा, बँक, दुकान, शेत. तालीम होते ती रात्री, जेवणे झाल्यावर. सोयाबीनची काढणी आली की दोन नट गळतात. कापसाची वेचणी आली की नटी येत नाही. प्रयोगाला तीन दिवस उरले असताना कोणाच्या तरी घरी सुतक येते. या सगळ्यांतून जो नाटक तडीस नेतो त्याला मानधन म्हणून मिळतो तो बहुधा नारळ. मग ज्याला हे काम जन्मभर करायचे आहे तो गाव सोडतो, मुंबई गाठतो. त्याला दोष देता येत नाही. पण तो गेला की गावातली तालीम बंद पडते, आणि पुढच्या मुलाला हे काम पाहायलाही मिळत नाही. नुकसान होते ते येथे.

म्हणून दोन-चार गोष्टी आपल्या हातातल्या सांगतो.

शाळेच्या स्नेहसंमेलनाचे नाटक दरवर्षी गुरुजींनीच बसवावे असे नाही. नववीतल्या एखाद्या मुलीला ते काम द्यावे आणि गुरुजींनी मागच्या बाकावर बसावे. पहिला आठवडा नुसते वाचन करावे, पाठांतराची घाई नको. वाक्याचा अर्थ प्रत्येकाला आपल्या शब्दांत सांगता आला म्हणजे मग उभे राहावे. हालचाली ठरवताना वहीत आकृती काढून ठेवावी, म्हणजे रोज नवा वाद होत नाही. शेवटच्या दोन तालमी कपड्यांसह, सामानासह, मध्ये न थांबता कराव्यात. आणि सर्वांत मागे बसलेल्या आजीला ऐकू जाते की नाही, हे दिग्दर्शकाने स्वतः तेथे जाऊन पाहावे.

नाटक निवडताना एक प्रश्न विचारावा: हे आपल्या गावाने का पाहावे? उत्तर मिळाले तर नाटक उभे राहील. न मिळाले तर आपल्याच गावातली एखादी गोष्ट घ्यावी. आटलेली विहीर, मोडलेले लग्न, शहरात गेलेला भाऊ. विषय दारात उभे आहेत.

गावकऱ्यांना एक विनंती. मंडपासाठी वर्गणी काढता, ध्वनिक्षेपकाला पैसे देता. त्यातला एक वाटा नाटक बसविणाऱ्यासाठी ठेवा. पुढच्या सणापर्यंत त्याने दहा मुलांची तालीम चालू ठेवावी, एवढ्या बोलीवर.

आणि शिक्षकांना एक विनंती. भावे, किर्लोस्कर, देवल यांची नावे व तारखा आपल्याला ठाऊक आहेत, कारण कोणीतरी त्या लिहून ठेवल्या. आपल्या गावात मागल्या पन्नास वर्षांत नाटके झाली असतील, भारुडे झाली असतील. ती कोणी बसवली, हे कोणत्या वहीत आहे? म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि शाळेच्या एका वहीत उतरवून घ्या: साल, नाटक, जागा, बसविणाऱ्याचे नाव. यंदाच्या नाटकाची नोंद त्याच पानावर खाली करा.