घरगुती हिंसाचाराची नोटीस आली? घाबरू नका, पण तारीख चुकवू नका

सुनेनं तक्रार केली की गावात दोनच सल्ले मिळतात. एक म्हणतो, ‘काही होत नाही, जाऊ नको.’ दुसरा म्हणतो, ‘आता थेट जेल.’ दोन्ही चुकीचे आहेत.

नोटीस कुणाची, ते आधी पाहा
कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खालचा अर्ज मॅजिस्ट्रेट कोर्टात चालतो. त्यात संरक्षण, राहण्याची सोय, पोटगी, भरपाई मागता येते. नुसती ही नोटीस आली म्हणून अटक होत नाही. पोलिसांकडचा छळाचा गुन्हा वेगळा. पूर्वीचं कलम ४९८-अ १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत. दोन्ही प्रकरणं एकाच वेळी चालू शकतात.

गैरहजर राहिल्यास
कोर्ट एकतर्फी आदेश देऊ शकतं. म्हणून वकीलपत्र देऊन लेखी म्हणणं दाखल करावं. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं. संरक्षण आदेश मोडला तर मात्र १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अटकेचं काय?
अशा गुन्ह्यात आपोआप अटक करू नये, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सांगितलं. पोलिसांची हजर राहण्याची नोटीस पाळणाऱ्याला लेखी कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. तरी धास्ती असेल तर अटकपूर्व जामिनासाठी अर्ज करता येतो.

कागद जमवा
पासबुक, सातबारा, कर्जाच्या पावत्या, दवाखान्याचे कागद, मोबाईलवरचे मेसेज जपून ठेवा. काहीही डिलीट करू नका. पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. लपवलेली जमीन पुढे अंगाशी येते.

हे करू नका
माहेरी जाऊन दमदाटी, साक्षीदारांवर दबाव, घराला कुलूप. घर सुनेच्या नावावर नसलं तरी तिला तिथं राहण्याचा हक्क आहे. कोर्टाच्या आदेशाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही.

वकिलाला पैसे नसतील तर
तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. कमी उत्पन्न असणारे, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतली व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे तक्रारदार सून आणि आरोप झालेली सासू किंवा नणंद, सगळ्यांनाच ही मदत घेता येते. हेल्पलाइन: १५१००.