पासष्ट मेंढ्यांची पावती

२५ एप्रिल ६४३. तुम्ही इजिप्तमध्ये आहात, नाईलच्या पश्चिमेला, हेराक्लिओपोलिस शहरात. पहाटेपासून मेंढ्या हाकत आलात. त्या कापण्यासाठी आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून वाटेत एकीच्याही अंगावरून हात फिरवला नाहीत.

नदीमार्गे आलेली अरब फौज इथे उतरली आहे. खलाशी, घोडेस्वार, चिलखत घातलेलं पायदळ. इतक्या तोंडांना खायला लागतं. त्यांचा अमीर अब्दुल्ला इब्न जाबिर मोजणी करून घेतोय: ५० मेंढ्या कापायला, शिवाय १५. एकूण ६५.

तुम्हाला वाटलं होतं, हिसकावून नेतील. पण इथे तर कागद होतोय! योहान नावाचा डीकन पपायरसवर आधी ग्रीक मजकूर लिहितो. मग इब्न हदीद त्याखाली अरबी लिहितो आणि शेवटी त्यांच्या नव्या कालगणनेचं वर्ष घालतो, २२. तुम्ही कॉप्टिक बोलता. दोन्ही भाषा तुम्हाला सारख्याच परक्या. (हाच कागद आज व्हिएन्नात आहे, हिजरी वर्ष घातलेल्या सर्वांत जुन्या कागदांपैकी एक.)

फौजा तुम्हाला नव्या नाहीत. पोरवयात इराणी आले, दहाएक वर्षं राहिले. मग रोमन परतले आणि त्यांचा पंथ न मानणाऱ्या तुमच्या धर्मगुरूंना, बेंजामिनना, वर्षानुवर्षं लपून राहावं लागलं. ६३९ च्या अखेरीस अरब सेनापती अम्र इब्न अल-आस सरहद्द ओलांडून आला. ६४१ मध्ये इजिप्तमधलाच बॅबिलोन नावाचा किल्ला पडला, पुढच्या वर्षी रोमन फौज अलेक्झांड्रिया सोडून गेली. तिकडे राज्य बदललं. इकडे कर गोळा करणारे पागार्क मात्र रोमन अमलातल्याच पदावर बसलेत, ख्रिस्तोफोरोस आणि थिओडोराकिओस. आपा किरोसचे मुलगे.

इतिहास लिहिणारे लढायांवर पानंच्या पानं खर्च करतात. मला मात्र वाटतं, जिंकलं जाणं म्हणजे काय ते या अंगणात जास्त नीट कळतं. मोजणी चोख आहे, अरेरावी नाही, आणि तरी कळप अर्ध्यावर आलाय.

पावती त्या दोघा भावांच्या नावे आहे. ६५ आकडा ग्रीकमध्ये दोनदा लिहिलाय, वर ‘याहून जास्त नाही’ असंही. उद्या कुणी ७० म्हणू नये म्हणून. मेंढ्या कुणी पाळल्या, कुणी हाकत आणल्या, याचा उल्लेख नाही. पाठीमागे योहान आणखी एक नोंद करतो: या मेंढ्या आलेल्या लोकांना दिल्या, पहिल्या इंडिक्शनच्या, म्हणजे पंधरा वर्षांच्या करचक्रातल्या पहिल्या वर्षाच्या, करापोटी.

करापोटी, पण कुणाच्या करातून वजा? पागार्कांच्या की तुमच्या वस्तीच्या? पपायरसची गुंडाळी होण्याआधी योहानला गाठा आणि तेवढं विचारून घ्या. वसुलीचा माणूस दारात येईल तेव्हा ही पावती तुमच्या हातात नसेल.