पंधरा येन, पन्नास सेन

१ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने आणि पाठोपाठच्या आगीने टोकियो-योकोहामा बेचिराख झाले. लाखभर माणसे गेली. त्यातच अफवा उठली की, कोरियन लोक विहिरींत विष कालवताहेत. गावोगाव पहारे बसले. भाले घेतलेली साधीसुधी माणसे येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायची आणि म्हणायची, बोल : 'जूगो-एन गोजिस्सेन'. म्हणजे पंधरा येन, पन्नास सेन. कोरियन भाषेत शब्दाच्या आरंभी 'ज' किंवा 'ग' असा खणखणीत उमटत नाही. त्यामुळे कोरियन माणसाच्या तोंडून 'चूको' असे काहीतरी निघे. तेवढ्यावर माणूस मारला जाई. हजारो कोरियन त्या दिवसांत मारले गेले, शेकडो चिनीही. चिबा प्रांतातल्या फुकुदा गावात तर गावोगाव औषधे विकणारे नऊ जपानीच मारले गेले, लहान मुलांसकट. ते दूरच्या कागावाचे. त्यांची बोली परकी वाटली. कवी त्सुबोई शिगेजी यांनी या रकमेचेच शीर्षक देऊन पुढे कविता लिहिली.

मला हा प्रसंग सोडवत नाही. मी मुसलमान, कविता मराठीत लिहितो. 'तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!' ही शाबासकी पन्नाशी उलटली तरी मिळते. देणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण आपण परीक्षा घेतली, हे त्याच्या गावीही नसते.

जपान म्हणजे एक वंश, एक भाषा, ही समजूत आपल्याला पुरातन वाटते. तशी ती नाही. एइजी ओगुमा या अभ्यासकाने १९९५ साली एक जाडजूड ग्रंथ लिहून तिचा उगम शोधला. तैवान (१८९५) आणि कोरिया (१९१०) ताब्यात होते, तेव्हा कित्येक जपानी विद्वान उलटेच सांगत : आम्ही मुळात मिश्र रक्ताचे, म्हणून सर्वांना सामावून घेऊ शकतो! १९४० पासून कोरियनांना जपानी पद्धतीची नावे घ्यायला लावली, ती याच आपुलकीने. साम्राज्य बुडाले आणि गोष्ट फिरली. २८ एप्रिल १९५२ पासून जपानमधल्या कोरियनांचे आणि तैवान्यांचे नागरिकत्व संपले. सरकारी परिपत्रक तेवढे निघाले. तिथेच जन्मलेली पोरेही परदेशी ठरली. उत्तरेतल्या ऐनूंचे काय? पंतप्रधान नाकासोने यांनी १९८६ मध्ये देश एकवंशीय असल्याचे सांगून त्यांचा रोष ओढवून घेतला. ऐनू हे मूळ रहिवासी असल्याचे कायद्यात यायला २०१९ उजाडले.

पोटाचे गणित मात्र वेगळे चालते. कारखान्यांना माणसे हवीत म्हणून १९९० मध्ये ब्राझीलमधल्या जपानी वंशजांना दार उघडले. रक्त आपलेच, असा हिशेब. ते आले ते पोर्तुगीज बोलत. २००९ च्या मंदीत त्यांना तीन लाख येन देऊन परत जायला सांगण्यात आले. पुढे तरुण हात आणखी घटले; २०२४ अखेर परदेशी रहिवासी ३७ लाखांवर गेले. टोकियोच्या एदोगावा वॉर्डात तर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला.

टोकियोतल्या एका बागेत, योकोआमिचो तिचे नाव, १९७३ पासून त्या कोरियनांचे स्मारक आहे. दर १ सप्टेंबरला तिथे माणसे जमतात. शहराचे गव्हर्नर शोकसंदेश पाठवत; परदेशीयांविषयी कडवट बोलणारे इशिहारासुद्धा पाठवत. २०१७ साली गव्हर्नर युरिको कोइके यांनी तो बंद केला. भूकंपातल्या सर्वच मृतांना आपण श्रद्धांजली वाहतो, असे त्यांनी कारण दिले.