रिकामी गव्हाण

आमच्या घरी नाताळच्या आदल्या रात्री पहिला घास ज्वारीच्या कण्यांचा असतो. करंज्या, शंकरपाळे सकाळी. रात्री कण्या, वर ताक आणि मीठ. ही रीत पणजीनं घातली आणि आजवर कुणी मोडलेली नाही.

पणजीला आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती. अमडापूरच्या शिवारातलं घर, लांबून दिसणारी बल्लाळदेवीची टेकडी आणि अंगणातली गव्हाण, एवढंच तिच्याकडे बालपणातलं उरलं होतं. आईचा चेहरा तिला आठवत नसे. आम्ही पोरं पुन्हापुन्हा विचारायचो तेव्हा ती डोळे मिटून बसायची, आणि थोड्या वेळानं नुसती मान हलवायची.

1899 साली पाऊस गेला. विक्रम संवत 1956, म्हणून तो छप्पनचा दुष्काळ. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ अशी या मुलखाची ख्याती. खामगावच्या कापसासाठी टाकलेला रेल्वेचा फाटा उघडायला 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. त्याच मुलखात तीस वर्षांनी माणसं पाला उकडून खाऊ लागली. कापसाच्या मुलखाला दुष्काळ दोनदा मारतो असं मला वाटतं: कणगीत दाणा नाही, आणि दाणा विकत घ्यायला बोंडही पिकलेलं नाही.

“आधी ढोरं गेले,” पणजी सांगायची. “गव्हान रिकामी झाली. मंग मायनं मले गव्हानीत निजवलं. खाली इचूकाटा असे ना.”

त्यानंतरची तिची आठवण थेट खामगावची. अलायन्स मिशननं त्या काळात मुलींचं अनाथालय खामगावला आणि मुलांचं अकोल्याला चालवलं होतं. तिला तिथं कुणी नेऊन सोडलं, हे तिला कधीच कळलं नाही. पहिल्या दिवशी मिळाली ती कण्यांची पातळ पेज. उपाशी पोटाला एकदम घट्ट अन्न सोसत नाही, म्हणून वाटीवाटीनं, थांबून थांबून. त्याच 1900 साली ‘क्विटो’ नावाची आगबोट न्यूयॉर्कहून दुष्काळग्रस्तांसाठी मका घेऊन मुंबईला लागली होती. हे मी मोठेपणी वाचलं. पणजीला फक्त वाटी आठवायची.

अनाथालयातल्या पहिल्या नाताळात तिथल्या बाईंनी ख्रिस्तजन्माची गोष्ट सांगितली. बाळाला बाळंत्यांत गुंडाळून गव्हाणीत निजवलं, हे ऐकल्याबरोबर पणजी उठून उभी राहिली आणि तिनं विचारलं, “त्याईचे बी ढोरं मेले होते काय?”

बाईंनी काय उत्तर दिलं, ते तिनं कधी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तो बाळ तिच्या घरचा झाला. 25 डिसेंबर हीच आपलीही जन्मतारीख, असं तिनं ठरवून टाकलं. एवढ्या प्रवचनांतून जे माझ्या मनात उतरलं नाही, ते या एका प्रश्नातून उतरलं.

1972 च्या नाताळात ती ऐंशीच्या घरात होती आणि मी आठ वर्षांचा. आईबाबा दुष्काळी कामावर खडी फोडत. रेशनवर मिळे ती लाल मिलो ज्वारी, तीही अमेरिकेहूनच आलेली. नवे कपडे नव्हते, करंज्यांना गूळ नव्हता. कामट्यांची चांदणी केली, पण पतंगी कागद मिळेना, म्हणून तिला जुनं वर्तमानपत्र चिकटवलं. मी रुसून कोपऱ्यात बसलो.

पणजीनं मिलो भरडून कण्या शिजवल्या. खडीवरच्या चार बायकांना बोलावलं. त्या आमच्या धर्माच्या नव्हत्या, पण लेकरांना घेऊन आल्या. टाळ काढले. रेव्हरंड टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाला भजनाची गोडी लावली, तेव्हापासून आमच्याकडे टाळांशिवाय सण नाही. पणजीचा आवाज फाटलेला, तरी पहिलं गीत तीच धरायची. मग तिनं माझ्यापुढं ताटली सरकवली. “आज माहा वाढदिवस हाये. जेव.”

त्या रात्रीसारखं हसणं आमच्या अंगणात मी फार थोड्या वेळा ऐकलं. ती जगली होती, या गोष्टीचा तिला बहात्तर वर्षांनीही आनंद होत होता, आणि त्यात आम्ही सगळे मावत होतो.

2024 च्या डिसेंबरात पुतण्यानं सोयाबीन विकलं नाही. हमीभाव 4,892 रुपये क्विंटल आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली. पोती ओसरीत थप्पी लावून ठेवलेली. बैल दोन वर्षांपूर्वीच विकले. रात्री तो हिशेबाची वही घेऊन बसला होता, कुणाशी बोलत नव्हता.

सूनबाईनं अंगणातली गव्हाण झाडली, कडबा पसरला, वर गोधडी टाकली आणि तीन महिन्यांच्या बाळाला तिथं निजवलं. बाळ चांदणीकडे बघत हातपाय हलवू लागलं. पुतण्या वही मिटून उठला आणि गव्हाणीशी जाऊन उकिडवा बसला.

आतून आईची हाक आली, कण्या निवताहेत म्हणून.