उन्हाची तालीम

मृग नक्षत्राच्या आगेमागे, म्हणजे ऊन अजून हटलेले नाही आणि पावसाने तर एकदोनदा हजेरी लावली आहे अशा दिवसांत, आमच्या महाविद्यालयाच्या मैदानाभोवती सकाळी पळणाऱ्या विद्यार्थ्यांची जी दशा होते ती आम्ही बरीच वर्षे पाहत आलो आहो. वैशाखात जो मुलगा सहज दहा फेऱ्या मारीत असे, तोच आता सूर्य ढगांनी झाकलेला असताही पाचव्या फेरीस कमरेवर हात देऊन उभा राहतो, आणि आपले मन कच्चे पडले असे समजून खजील होतो. आमच्या विद्यार्थिदशेत त्याला तसे बजावून सांगणारेही असत. पळताना पाणी पिणे हे दुबळेपणाचे लक्षण, तहान मारली की दम वाढतो, असा आमच्या कसरतीच्या शिक्षकांचा सिद्धान्त होता. व तो मोडून हौदाकडे गेल्याबद्दल आम्ही एकदा सर्वांदेखत कान धरून उभेही राहिलो आहो. पुढे इतिहासाच्या वाचनात असे आढळले की, हा सिद्धान्त काही आमच्याच गावचा नव्हता. एका काळी तो पृथ्वीच्या बहुतेक भागांत चालत होता, आणि त्यापायी माणसे मेलीही आहेत. ज्याने हा सिद्धान्त स्वतःच्या देहावर पारखून पाहिला, त्यात आपटी खाल्ली, आणि मग गाजावाजा न करता उन्हाचीच शिकवणी धरली, अशा एका जपानी विद्यार्थ्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

शिझो कानाकुरी हा 1891 साली क्युशू बेटावरील कुमामोतो प्रांतात एका खेड्यात जन्मला. शाळा घरापासून सुमारे सहा किलोमीटर. जाताना डोंगरवाट आणि येताना तीच. गावची मुले ही वाट पळतच काटीत, व प्रकृतीने किरकोळ असलेला हा मुलगा त्यांच्या मागे फरपटत असे. दोनदा श्वास आत, दोनदा बाहेर, असा ताल पावलांशी जुळविला म्हणजे छाती कमी भरून येते, हे त्याने त्याच वाटेवर शोधून काढले. पुढे तो टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयात आला. तेथील प्रमुख जिगोरो कानो, म्हणजे जुदो विद्येचे प्रवर्तक. शिक्षक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी देह कमवावा असा त्यांचा कटाक्ष असल्यामुळे विद्यार्थ्यांना लांब पल्ल्याच्या शर्यती धावाव्याच लागत. 1912 साली स्टॉकहोम येथे भरणाऱ्या ऑलिम्पिक सामन्यांस जपानने प्रथमच खेळाडू पाठवावेत असे ठरले, व त्यांच्या निवडीसाठी 19 नोव्हेंबर 1911 रोजी हानेदा येथे 25 मैलांची शर्यत नेमण्यात आली.

या शर्यतीच्या तयारीत कानाकुरीला आमच्या मास्तरांचाच सिद्धान्त भेटला. त्याचे जपानी नाव मोठे मासलेवाईक आहे. त्याचा अर्थ ‘तेल काढणे’ असा होतो. पाणी वर्ज्य करावयाचे, जाड कपडे घालून पळावयाचे, अंगातले पाणी घामावाटे पिळून काढावयाचे, म्हणजे शरीर हलके होऊन वाऱ्यासारखे पळते, अशी ती समजूत. कानाकुरीने ती निष्ठेने पाळली. थोड्याच दिवसांत त्याचे डोळे खोल गेले, झोप उडाली, जीव पाण्यापाण्याने व्याकूळ झाला. आणि एके दिवशी न राहवून तो साखरपाणी ढोसून मोकळा झाला. लगेच अंगात तरतरी आली. तेव्हा देह जे मागतो ते त्याला द्यावे, असे ठरवून त्याने ते व्रत सोडले. आम्हांस ही गोष्ट त्याच्या पुढील सर्व विक्रमांहून महत्त्वाची वाटते. वडीलधाऱ्यांच्या सांगण्यापेक्षा स्वतःच्या अनुभवास प्रमाण मानणे हे वीस वर्षांच्या विद्यार्थ्यास, त्यातही त्या काळच्या जपानात, सोपे नव्हते.

हानेदाच्या शर्यतीत वारा सुटला आणि पावसाने झोडपले. कानाकुरीच्या पायांत ‘ताबी’ होत्या, म्हणजे अंगठा वेगळा असलेले जाड कापडी मोजे, जे जपानी कामकरी बुटांऐवजी वापरीत. भिजल्यावर त्या फाटल्या, तेव्हा त्या फेकून तो अनवाणी पळाला व 2 तास 32 मिनिटे 45 सेकंदांत पहिला आला. त्या वेळच्या कोणत्याही नोंदीहून ही वेळ कितीतरी कमी होती, म्हणून वर्तमानपत्रांनी जागतिक विक्रमाचा डांगोरा पिटला. अंतराची मोजणी कितपत काटेकोर होती याविषयी मात्र पुढे लोकांनी शंका घेतल्या आहेत, व त्या रास्त दिसतात. जाण्यायेण्याचा खर्च सुमारे 1,800 येन होता. शिक्षक होऊ घातलेल्या गरीब मुलाला तो कोठून परवडणार? सहाध्यायांनी वर्गणी जमविली. अशा रीतीने ज्याला कोणी पगार देत नव्हते तो हौशी धावणारा साऱ्या विद्यालयाचे, व थोडे पुढे जाऊन म्हणावयाचे तर साऱ्या राष्ट्राचे, देणे डोक्यावर घेऊन निघाला.

बोट, मग सैबेरियाची आगगाडी, असा सतरा-अठरा दिवसांचा प्रवास झाला. गाडीत पळावयाचे कोठे? गाडी थांबेल त्या स्टेशनावर उतरून फेऱ्या मारावयाच्या, एवढाच उपाय. स्टॉकहोमला रात्र अशी होतच नव्हती. खिडकीतून उजेड येई आणि डोळ्याला डोळा लागत नसे. बरोबर आलेले शिक्षक ओमोरी क्षयाने अंथरुणास खिळलेले. दगडी रस्त्यांवर ताबींचे पातळ तळ निरुपयोगी ठरून गुडघे दुखू लागले. आणि 14 जुलै 1912 हा शर्यतीचा दिवस उजाडला तो त्या थंड देशात क्वचितच अनुभवास येणाऱ्या उन्हाचा. सावलीतही पारा 30 अंशांच्या वर.

त्या दिवशी 68 जण निघाले. पोहोचले ते सुमारे निम्मेच. दक्षिण आफ्रिकेचे मॅकार्थर आणि गिट्शॅम हे दोघे पुढे होते. गिट्शॅम पाणी पिण्यासाठी थांबला, जोडीदार आपल्यासाठी थांबेल अशा भरवशाने. मॅकार्थर थांबला नाही आणि पहिला आला. मागे तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो कोसळला. तो लिस्बनचा सुतार. उन्हाने कातडी भाजू नये म्हणून त्याने अंगाला मेण-चरबीचा लेप दिला होता असे सांगतात. त्याने घामाची वाटच बुजली. दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात मरण पावला. आधुनिक ऑलिम्पिक सामन्यांतील स्पर्धेमुळे घडलेला हा पहिला मृत्यू होय.

कानाकुरी सत्तावीस किलोमीटरच्या अलीकडे भोवळ येऊन पडला. सोलेन्तुना गावच्या पेत्रे नावाच्या कुटुंबाने त्याला आपल्या बागेत नेले, फळांचा रस पाजला, विसावा दिला. शुद्धीवर आल्यावर शर्यत संपली असल्याचे त्याला कळले, आणि अधिकाऱ्यांस काही न कळविता तो आगगाडीने शहरात परतला. यावरून ‘जपानी धावणारा नाहीसा झाला’ अशी दंतकथा स्वीडनमध्ये पसरली, व तो पन्नास वर्षे बेपत्ता होता असे अजूनही हौसेने छापले जाते. हे निखालस खोटे आहे. त्याचे सोबती त्याला त्याच दिवशी भेटले, आणि पुढे तो आणखी दोन ऑलिम्पिकांत उघडपणे धावला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रोजनिशीत पराभव निमूटपणे मान्य केला, आणि ही लाज पुढे धुऊन काढीन असे लिहिले.

येथपर्यंतची गोष्ट अपयशाची आहे, आणि अपयशी शूराच्या कथा जपानला जितक्या प्रिय तितक्याच आम्हांलाही. परंतु आमचे लक्ष वेधते ते पुढच्या उन्हाळ्याकडे. परत आल्यावर, मनोबल कमी पडले म्हणून ते वाढवावे, असे त्याने म्हटले असते तर कोणी त्याला दोष दिला नसता. त्याने हिशेब निराळा मांडला: मला उन्हाने पाडले, तर उन्हात राहून पाहिले पाहिजे. टोकियोच्या दक्षिणेस तातेयामा म्हणून समुद्रकाठचे गाव आहे. पावसाळा सरून जपानचा जो दमट, चिकट उन्हाळा लागतो, तो कोकणातल्या माणसास सांगावयास नको. अशा दिवसांत भर दुपारी, डोक्याला टोपीही न घालता, तो तेथील किनाऱ्यावर आठवड्यांमागून आठवडे पळत राहिला. टोपीचा त्याग हा आमच्या मते निव्वळ अतिरेक होता आणि तो अनुकरणीय नाही. परंतु मूळ कल्पना बरोबर होती, आणि ती बरोबर का होती हे तेव्हा त्यालाही सांगता आले नसते.

ते कारण असे. पळणाऱ्याच्या स्नायूंत जी शक्ती खर्च होते तिचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग उष्णता होऊन बाहेर पडतो, आणि ती घालविण्याचे मुख्य साधन घाम. पण घाम नुसता गळून भागत नाही, तो वाळावा लागतो. वाळतानाच तो अंगातली उष्णता घेऊन जातो. नागपूरच्या वैशाखात धोतर दोरीवर टाकले की घटकेत खडखडीत होते, आणि मुंबईच्या आषाढात तेच तीन दिवस ओले राहते, हे गृहिणींस ठाऊक आहे. अंगावरच्या घामाचेही तसेच. म्हणून ढगाळ, ओलसर हवेत पारा उतरलेला असूनही देह आतून तापत जातो. इंग्लंडात हाल्डेन या शास्त्रज्ञाने 1905 साली हेच दाखवून दिले होते. खाणींतील हवेची परीक्षा करून तो म्हणाला की साध्या तापमापकाकडे पाहू नका, ज्याच्या फुग्यास ओले फडके गुंडाळले आहे त्याच्याकडे पाहा. स्थिर हवेत तो सुमारे 31 अंशांच्या वर गेला की स्वस्थ बसलेल्या माणसाचीही उष्णता चढू लागते. हा निबंध स्टॉकहोमच्या आधी सात वर्षे छापून झालेला होता. पण खाणीतला मजूर आणि शर्यतीतला धावणारा यांचा देह एकच, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

दुसरा शोधही खाणींतूनच आला. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खोल खाणींत उष्माघाताने मजूर मरू लागले, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या दशकांत डॉक्टरांनी नव्या मजुरास हळूहळू गरम हवेत काम देऊन पाहिले. दहा ते चौदा दिवसांत देह पालटतो: घाम लवकर सुटतो, अधिक सुटतो, त्यातून मीठ कमी जाते, रक्तातील पाणी वाढते, आणि त्याच कामाला नाडी पूर्वीपेक्षा संथ चालते. थंडीत काही आठवडे घालविले की ही कमाई सरते. तातेयामाच्या वाळूवर कानाकुरीने नकळत हेच मिळविले होते, आणि मृगातला आमचा विद्यार्थी पाचव्या फेरीस थांबतो तो कच्च्या मनामुळे नव्हे. त्याचा देह अजून ओल्या हवेला सरावलेला नाही, एवढेच. पाण्याविषयीचा भ्रम मात्र चिवट निघाला. तो अपायकारक आहे असे दक्षिण आफ्रिकेच्या संशोधकांनी 1969 साली स्पष्ट लिहिले. आणि नंतर लोक असे काही पाणी पिऊ लागले की त्या अतिरेकाने रक्तातले मीठ उतरून माणसे दगावली. 2021 साली तर टोकियोचा उन्हाळा नको म्हणून ऑलिम्पिकची मॅरेथॉनच सुमारे 800 किलोमीटर उत्तरेस, साप्पोरोला नेली. तरीही पुरुषांच्या शर्यतीत निघालेल्या 106 जणांपैकी 30 जणांनी ती अर्ध्यावर सोडली. त्यांस कोणी दुबळे म्हटले नाही.

कानाकुरीची तालीम फळास यावयाची ती 1916 साली बर्लिनला. पण महायुद्धाने ते सामनेच बुडाले. ऐन पंचविशीचे वर्ष फुकट गेले. तो शिक्षक झाला, मुलामुलींस पळावयास शिकवू लागला, ताबी शिवणाऱ्या एका दुकानदाराबरोबर बसून रबरी तळाच्या ताबी त्याने तयार करविल्या. 1919 च्या उन्हाळ्यात एका सोबत्यासह शिमोनोसेकीपासून टोकियोपर्यंतचे सुमारे 1,200 किलोमीटर त्याने 20 दिवसांत पळून काढले. म्हणजे रोजचे साठ, आणि तेही तसल्या हवेत. 1920 च्या फेब्रुवारीत हाकोनेची विद्यापीठांची साखळी-शर्यत सुरू झाली तीही त्याच्याच खटपटीने.

आणि मग 22 ऑगस्ट 1920 रोजी अँटवर्पला, उन्हासाठी आठ वर्षे देह घडविलेल्या या माणसाच्या वाट्यास आला तो गार पाऊस! शेवटच्या टप्प्यात पायांनी साथ सोडली आणि तो सोळावा आला. येथे मराठी वाचकांस जवळचा वाटेल असा एक योग आहे. त्याच पावसात, त्याच रस्त्यावर, कानाकुरीच्या सुमारे दोन मिनिटे मागून बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले येत होता. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत शेतकरी वर्गातली पोरे अनवाणी लांब पल्ला पळताना दोराबजी टाटांनी पाहिली, त्यातून हिंदुस्थानचा पहिला संघ उभा राहिला, आणि चौगुले त्यातलाच. तो एकोणिसावा आला. त्या शर्यतीत चार जपानी होते, त्यांपैकी तिघांना त्याने मागे टाकले. बेळगावच्या पावसात वाढलेल्या गड्याला अँटवर्पच्या पावसाचे विशेष काही वाटले नसेल, ही आमची कल्पना. पुरावा मागू नये. पण जपानात कानाकुरीच्या मागे शाळा, शर्यती आणि शिष्य उभे राहिले, तसे चौगुल्याच्या मागे आम्ही काहीच उभे केले नाही, याला पुरावा लागत नाही.

1924 साली पॅरिसला कानाकुरी पुन्हा अर्ध्यावर थांबला, आणि तेथे त्याचे स्पर्धेतले धावणे संपले. पुढे 1967 साली, स्टॉकहोमच्या सामन्यांच्या पंचावन्नाव्या वर्षानिमित्त, स्वीडिश लोकांनी त्याला अपुरी शर्यत पुरी करण्याचे निमंत्रण दिले. त्यांच्या दप्तरी त्याने शर्यत सोडल्याची नोंदच नव्हती. पंचाहत्तर वर्षांचा कानाकुरी त्याच मैदानात थोडे अंतर पळाला आणि त्याने फीत तोडली. ध्वनिक्षेपकावरून वेळ पुकारण्यात आली: 54 वर्षे, 8 महिने, 6 दिवस, 5 तास, 32 मिनिटे, 20.3 सेकंद. एवढ्यात आपले लग्न झाले, सहा मुले झाली, नातवंडेही झाली, असे तो हसून म्हणाला. मार्च महिना होता, हवेत कडाक्याचा गारठा होता, आणि म्हाताऱ्याने पळताना अंगातला ओव्हरकोट काढला नव्हता.