बिनकपातीचे संगीत आणि त्याची किल्ली



आपल्या चाळीसगावाजवळच्या पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी गेल्याच्या मागच्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला व त्याला १२०७ साली दान मिळाले, असे त्यावरून कळते. ग्रंथ तर लिहिलेले होतेच. मग मठ कशाला? कारण ग्रंथ जपणे हे अर्धेच काम होय. तो उलगडून सांगणारा पिढ्यान् पिढ्या मिळाला पाहिजे. संगणकात साठविलेल्या संगीताचेही तसेच आहे. तेथे या उलगडणाऱ्याला ‘डिकोडर’ म्हणतात.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे तबकडीवर घेतले गेले, तेव्हा तबकडीत जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभराचा राग तीन मिनिटांत आटोपावा लागे. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हा प्रकार परिचयाचा आहे; आम्ही त्याला ‘कपात’ म्हणतो.

१९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली आणि आवाजाचे आकडे झाले. सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे मोजमाप घ्यायचे, प्रत्येक माप १६ बिटांत लिहायचे, आणि हे डाव्या-उजव्या अशा दोन्ही बाजूंसाठी करायचे. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट झाले. एवढा बोजा त्या काळच्या संगणकांना व टेलिफोनच्या तारांना झेपेना. म्हणून पुढच्या दशकात एमपी३ पसरले. कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग ते गाळते. सेकंदाला १,२८,००० बिटांच्या फाईलीत मूळ बिटांचा अकरावा हिस्सा उरतो, आणि गाळलेले पुन्हा मिळत नाही.

यावर बिनकपातीचा मार्ग निघाला. १९९८ साली वेव्हपॅक आले, २००१ साली जॉश कोल्सन यांचे फ्लॅक आले. त्यातली युक्ती अशी : मागच्या काही मापांवरून पुढच्या मापाचा अंदाज बांधायचा आणि अंदाज व प्रत्यक्ष यांतला फरक तेवढा लिहायचा. फरक लहान असतो, म्हणून जागा कमी लागते. डिकोडर तोच अंदाज पुन्हा बांधतो, त्यात फरक मिळवतो, आणि मूळ आकडा जसाच्या तसा हाती येतो.

आता प्रश्न असा की, डिकोडर कोणता निवडावा? अमक्याचा गोड, तमक्याचा रुक्ष, अशी चर्चा पुष्कळ चालते. ती व्यर्थ आहे. बिनकपातीच्या फाईलीतून प्रत्येक बिनचूक डिकोडर तेच आकडे काढतो. पाच कारकुनांनी एकच बेरीज केली तरी उत्तर बदलत नाही. फरक पडतो तो पुढे : संगणकाने आवाजाची पातळी किंवा मापांची गती मध्येच बदलली, अथवा आकड्यांचा पुन्हा आवाज करणारे यंत्रच हलके असले, तर.

मग पाहावे काय? पहिली गोष्ट, तपासणी. फ्लॅकच्या फाईलीत मूळ आकड्यांचा एक ठसा नोंदलेला असतो, निशाणी अंगठ्यासारखा. उलगडलेले आकडे त्याच्याशी पडताळून पाहता येतात. दुसरी गोष्ट, मालकी. ॲपलची बिनकपातीची पद्धत २००४ साली आली ती बंद पेटीतून. दुसऱ्याच वर्षी बाहेरच्या एका तंत्रज्ञाने तिचा उलगडा करून डिकोडर खुला केला, आणि २०११ साली कंपनीनेही ती सर्वांना मोकळी केली. फ्लॅक पहिल्यापासून खुले. २०२४ साली इंटरनेटच्या मानक ठरविणाऱ्या मंडळाने त्याचे नियम प्रसिद्ध केले. ज्याचे नियम कोणालाही वाचता येतात, त्याचा डिकोडर उद्या कोणीही नव्याने घडवू शकतो. एका मालकाच्या खिशातली किल्ली त्या मालकाबरोबर जाते.

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी अंतराळात गेली, तीत केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. पाठविणाऱ्यांनी सोबत सुई दिली आणि तबकडी कशी वाजवावी याची आकृती वेष्टणावर कोरली. ऐकणारा कोण, हे ठाऊक नसताना त्यांनी किल्ली पाठविली.

खानदेशातही कित्येक घरांत जुन्या तबकड्या आहेत, म्हाताऱ्या माणसांच्या ओव्यांच्या फिती आहेत. फिती झिजत चालल्या आहेत. त्या संगणकात घ्याल तेव्हा जागा वाचविण्यासाठी कपात करू नका, आणि ज्याचे नियम खुले आहेत अशाच रूपात त्या ठेवा. नातवंडांना आवाज द्यायचा तर तो उघडण्याचे साधनही त्यांच्या हाती राहिले पाहिजे.